भ्यालेल्यांचे राज्य

मराठी भाषेत भयाला शब्दांची वाण नाही. भीती आहे, धास्ती आहे, धाक आहे, वचक आहे, दरारा आहे, दहशत आहे; आणि ह्या प्रत्येकाची जागा निराळी आहे. बापाचा धाक असतो, मामलेदाराचा वचक असतो, वाघाचा दरारा असतो. एकाची जागा दुसऱ्यास दिली तर कानाला लगेच खटकते. ह्याच कुळातला 'जरब' हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला आणि त्याचा मूळ अर्थ आघात, फटका असा आहे. आमच्या मराठवाड्यात ज्या घरी हाली शिक्क्याचा एखादा रुपया अजून देवघरात किंवा पेटीच्या तळाशी राहिला असेल, त्यांनी तो एखाद्या जाणकाराकडून वाचवून घ्यावा. टांकसाळीच्या नावाबरोबर हाच शब्द त्यावर आढळेल : 'जर्ब', म्हणजे अमुक ठिकाणी ठोकलेले नाणे. मराठीने त्या शब्दातील ठोकणे सोडले आणि ठोकल्यानंतर मनावर जे उमटते तेवढेच घेतले. आपण 'जरब बसली' असे म्हणतो तेव्हा कोणी तरी कोणाला तरी एकदा मारलेले असते, आणि पुन्हा मारावे लागू नये अशी मारणाऱ्याची अपेक्षा असते.

परक्यांचे राज्य जरबेवर चालते हे सांगण्यासाठी लेख लिहिण्याचे कारण नाही. ते शाळेतील मुलासही ठाऊक आहे. मला विचारावयाचे आहे ते निराळे. ही जरब बसवताना बसवणाऱ्याच्या मनात काय होते? आणि त्याच्याही मनात भयच होते असे आढळले, तर तेवढ्याने त्याच्या कृत्याचा दोष उणा होतो काय? हा प्रश्न वरवर पाहता इतिहासातला आहे. परंतु तो इतिहासातच राहता तर मी त्याच्या वाटेस गेलो नसतो.

जालन्याच्या अनुरोधाने ह्याचा विचार करणे मला सोयीचे वाटते, ते गाव माझ्या माहितीचे आहे एवढ्याचसाठी नव्हे. येथे इंग्रजांचे राज्य उघडपणे कधी नव्हतेच. जालना जिल्हा म्हणून जो आज आपण ओळखतो तो १ मे १९८१ रोजी निराळा झाला. त्यापूर्वी ह्यातील बहुतेक मुलूख औरंगाबाद जिल्ह्यात मोडत असे, आणि १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत तो निजामाचा होता. 'जालना सोन्याचा पालना' असे ज्या पेठेविषयी लोक म्हणत, त्या पेठेत सारा निजामाचा, कोतवाल निजामाचा, शिक्काही निजामाचाच. साहेब राहत असे तो गावाबाहेर, छावणीत.

साहेब येथे आला तो मात्र रणांगणातून. १८०३ च्या सप्टेंबरच्या आरंभी कर्नल स्टीव्हन्सनने जालना घेतले. त्या महिन्याच्या २१ तारखेस बदनापुरास तो आणि जनरल वेलस्ली भेटले, दोन वाटांनी पुढे जावयाचे ठरले, आणि २३ तारखेस भोकरदन-जाफराबादच्या टापूत असई येथे वेलस्लीची गाठ शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी पडली. पुढे वॉटर्लूला नेपोलियनास जिंकणारा हा सेनापती म्हातारपणीही असईचे नाव आपल्या लढायांत सर्वांच्या वर घेत असे, असे सांगतात. त्या दिवशी त्याच्या लहानशा सैन्यातील सुमारे सोळाशे माणसे मेली किंवा जखमी झाली. शिंद्यांचे गोलंदाज आपल्या तोफा सोडून हलले नाहीत, संगिनींनी भोसकले गेले तेव्हा तोफांपाशीच पडले, ही साक्ष इंग्रज लेखकांचीच आहे. अठ्ठ्याण्णव तोफा वेलस्लीच्या हाती लागल्या. हे येथे सांगण्याचे प्रयोजन एवढेच की, असईच्या मैदानावर पराभव झाला, परंतु त्या मैदानावर भय उत्पन्न झाले असे म्हणता येत नाही. लढाईत हरलेला मनुष्य घरी जाऊन पुन्हा नांगर धरतो किंवा पुन्हा तरवार धरतो. ज्या भयाविषयी मी लिहीत आहे ते लढाईनंतर, शांततेच्या काळात, पगारपत्रकावर उत्पन्न झाले.

हैदराबाद कंटिन्जंट ह्या नावाची जी फौज होती तिची हकीकत ह्या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. निजामाच्या रक्षणासाठी इंग्रजांची तैनाती फौज अगोदरच होती आणि तिच्या खर्चापोटी १८०० च्या तहाने मुलूखही तोडून दिला गेला होता. तेवढ्यावर रेसिडेंट हेन्री रसेल ह्याने निजामाच्याच नावाने दुसरी एक कवायती फौज उभारली. अंमलदार इंग्रज, हुकूम रेसिडेंटाचा आणि पगार निजामाचा. हा पगार तुंबू लागला म्हणून पामर कंपनीकडून कर्ज काढले. कर्जाचे व्याज तुंबले म्हणून आणखी कर्ज काढले. आणि शेवटी १८५३ साली डलहौसीने फौजेच्या खर्चापोटी सारा वऱ्हाड आपल्या ताब्यात घेतला. १९०२ साली कर्झनने तोच वऱ्हाड सालीना पंचवीस लक्षांच्या मोबदल्यात कायमचा लिहून घेतला. जालन्याची छावणी ह्याच फौजेची. ती १८२७ साली वसली आणि १९०३ साली, फौजच मोडली तेव्हा, ओस पडली. म्हणजे पाऊणशे वर्षे वऱ्हाडातील कुणबी आपल्या मानेवरील जोखडाचे भाडे स्वतःच भरत होता असे म्हणावयास हरकत नाही.

पण ही फौज हवी होती कोणाला? निजामास आपल्या जहागीरदारांचे, रोहिल्यांचे व अरबांचे भय होते, म्हणून त्याने ती पत्करली. रेसिडेंटास निजामाचे भय होते, म्हणून त्याने ती आपल्या हाती ठेवली. फौजेवरील मूठभर इंग्रज अंमलदारांस फौजेतील शिपायांचेच भय होते. शिपायास साहेबाचे भय आणि रयतेस शिपायाचे. स्वयंपाकघरात मडक्यांची उतरंड असते तशी ही भयाची उतरंड होती. उतरंडीतले वरचे मडके आपण सर्वांवर आहो म्हणून कितीही मिरवो, डळमळण्याची धास्ती सर्वांत अधिक त्यालाच असते.

कोणी म्हणेल, हा अतिरेक झाला. इंग्रजांचे राज्य निव्वळ भयावर चालले असते तर ते दहा वर्षेही टिकते ना. तीस कोटी लोकांवर दोन लाखांच्याही आतले गोरे लोक केवळ बंदुकीने राज्य करतील कसे? आक्षेप खरा आहे. रस्ते होते, कोर्टे होती, आगगाडी होती, शाळा होत्या, आणि त्यांच्यामुळे ज्यांचे भले झाले असा मोठा वर्ग होता. प्रस्तुत मासिकाचा वाचकवर्ग ज्या कुळांतून आला त्यांतील पुष्कळांचे पूर्वज त्याच वर्गातले, आणि लेखकाचेही. परंतु ह्या आक्षेपातच त्याचे उत्तर आहे. दोन लाखांस तीस कोटींची मोजणी कधीच विसरता येत नाही. दिवसा कचेरीत ती आठवत नसेल. रात्री बंगल्याच्या ओट्यावर कुत्रे भुंकले की आठवते.

ती कशी आठवते ह्याचा पडताळा १८५७ च्या जूनमध्ये औरंगाबादेस, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरास, आला. कंटिन्जंटच्या पहिल्या रिसाल्यातील स्वारांत बातमी पसरली की, आपणांस दिल्लीच्या बादशहाविरुद्ध लढावयास नेणार. स्वार बिथरले. इकडे अंमलदारांत बातमी पसरली की, सारा रिसाला उठणार. दोन्हीकडे बातमी भयानेच पसरवली, आणि भयाने पसरवलेल्या बातमीचा गुण असा की ती खरी ठरवण्यासाठी माणसे स्वतःच झटू लागतात. पुण्याहून महूकडे निघालेली जनरल वुडबर्नची फौज औरंगाबादेकडे वळवण्यात आली. परेडीवर नावे वाचण्यात आली, कोणी बंदुका भरल्या, कोणी पळाले, पुष्कळ पकडले गेले. मग घाईघाईची कोर्टमार्शले, आणि फाशी, गोळ्या व तोफेचे तोंड. ज्या काळ्या चबुतऱ्याशी ह्या शिक्षांची आठवण निगडित आहे तेथे आज क्रांती चौक आहे. जालन्याहून सकाळी कामासाठी जाणारी माणसे त्यावरून रोज जातात.

तोफेच्या तोंडी देणे ही शिक्षा इंग्रजांनी शोधून काढली नाही. आमच्या भाषेत हा वाक्प्रचार त्यांच्या अगोदरपासून आहे, आणि 'हत्तीच्या पायी देणे', 'कडेलोट करणे' हेही आमचेच आहेत. त्याविषयी साळसूदपणाचा आव आणण्यात अर्थ नाही. परंतु ज्या लोकांनी आपल्या देशात ही रानटी शिक्षा म्हणून नाक मुरडले असते, त्यांनीच ती येथे उचलली, आणि का उचलली हे त्यांनी लपवले नाही. मारावयाचेच तर एक गोळी पुरे होती. तोफेने देहाच्या चिंधड्या उडतात, मग हिंदूस अग्नी मिळत नाही आणि मुसलमानास धड कबर मिळत नाही; आणि हे सारे उरलेल्या पलटणींस ओळीने उभे करून दाखवावयाचे असते. ही शिक्षा मरणाऱ्यास नव्हतीच. ती पाहणाऱ्यास होती. न्याय करणारा मनुष्य अपराध्याकडे पाहतो. येथे न्यायाधीशाची नजर सारखी प्रेक्षकांकडे होती : त्यांच्या चेहऱ्यावर भय उमटले की नाही? पुरेसे उमटले की नाही? दुसऱ्याच्या चेहऱ्यावरील भय मोजल्यावाचून ज्याला झोप येत नाही, तो स्वतः निर्भय आहे असे कोण म्हणेल?

ह्या प्रकरणाचा पुढचा भाग मला अधिक बोचतो. त्याच कंटिन्जंटच्या पलटणी दुसऱ्या वर्षी सर ह्यू रोजच्या सैन्यातून झाशीवर गेल्या. औरंगाबाद, जालना, हिंगोली अशा छावण्यांतून वागलेल्या आणि वऱ्हाडच्या वसुलातून पगार घेणाऱ्या ह्या फौजेच्या हातून १८५८ च्या एप्रिलमध्ये झाशी घेण्याचे कामही झाले. आणि त्या शहरात त्या वेळी वरसईचे एक दरिद्री ब्राह्मण अडकून पडले होते. विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले होते; मारामारीशी त्यांचा काही संबंध नव्हता. त्यांचा 'माझा प्रवास' १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी प्रसिद्ध केला आणि तेव्हापासून तो मराठी घराघरांतून वाचला जात आहे. त्या पुस्तकाची थोरवी पुष्कळांनी पुष्कळ प्रकारे वर्णिली आहे. मला ती अशी वाटते की, भ्यालेल्या माणसाने आपण भ्यालो हे न लपवता लिहिलेले असे पुस्तक आपल्याकडे दुसरे फारसे नाही. झाशीतील कत्तल आणि लूट ते दडून बसलेल्या माणसाच्या डोळ्यांनी सांगतात. शौर्याची फुशारकी नाही, सूडाची भाषा नाही. औरंगाबादेस आपल्याच जोडीदारांना तोफेपुढे उभे राहिलेले ज्या फौजेने पाहिले होते, ती फौज झाशीच्या गल्ल्यांतून फिरताना कोणत्या मनाने फिरली असेल? आपण राजनिष्ठ आहो हे सिद्ध करण्यावाचून तिला गत्यंतर नव्हते. पाहणाऱ्यास दिलेली शिक्षा अशी फळाला येते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. भय होते हे मान्य केले, तर दोष उणा होतो काय? ह्या प्रश्नाचे होकारार्थी उत्तर सर्वांत स्पष्ट शब्दांत जनरल डायरने दिले, म्हणून त्याचा विचार टाळता येत नाही. जालियनवाला बागेतील १३ एप्रिल १९१९ चा गोळीबार सुमारे दहा मिनिटे चालला, १६५० फैरी झडल्या आणि सरकारी मोजणीप्रमाणेच ३७९ माणसे मेली. हंटर समितीपुढे, जिच्या सभासदांत मुंबईचे सर चिमणलाल सेटलवाड होते, डायरने सांगितले की, जमाव नुसत्या हुकुमाने पांगलाही असता. पण मग ते पुन्हा जमते, आपल्याला हसते, आणि आपण मूर्ख ठरलो असतो. सबंध पंजाबच्या मनावर परिणाम घडवावयाचा होता, असेही तो म्हणाला. ही साक्ष वाचताना मला डायर कधी राक्षस वाटत नाही. हसण्याला भ्यालेला एक मनुष्य वाटतो. आणि त्याच्या देशबांधवांनी वर्गणी काढून त्याला सव्वीस हजार पौंडांची थैली दिली, तीही राक्षसांनी दिली नाही. दूर हिंदुस्थानात ज्यांचे भाऊ-पुतणे मूठभरांत राहत होते अशा घाबरलेल्या सभ्य गृहस्थांनी आणि बायकांनी दिली. पुढे केनियात १९५२ ते १९६० ह्या आणीबाणीच्या काळात हेच घडले. तेथील बंडात बत्तीस गोरे वसाहतवाले मारले गेले. सरकारने फासावर चढवलेल्यांची संख्या एक हजार नव्वद होती. बत्तीस आणि एक हजार नव्वद ह्यांमधील जी तफावत तिला त्रैराशिक मांडता येत नाही. ती भयाची मोजणी आहे.

डायरचे म्हणणे थोडक्यात असे : मी भ्यालो होतो (हा शब्द तो वापरत नाही, पण अर्थ तोच), परिस्थिती भिण्यासारखीच होती, म्हणून मी जे केले ते क्षम्य आहे. ह्यातील पहिली दोन विधाने मी खरी मानतो. अमृतसरात १० एप्रिलला खरोखरच काही युरोपियनांचे खून झाले होते. तिसरे विधान मात्र पहिल्या दोहोंतून निघत नाही. भय कृत्याचे कारण सांगते, समर्थन देत नाही. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची जी यादी आहे तिच्यात अभय पहिले आहे, हे पुष्कळांस पाठ असते. बाराव्या अध्यायात भक्ताचे जे लक्षण सांगितले आहे तिकडे मात्र लक्ष कमी जाते : ज्याचा लोकांना उद्वेग होत नाही आणि लोकांचा ज्याला होत नाही, असा तो. दोन्ही अर्धी एकत्र सांगितली आहेत. मला वाटते, ती वेगळी करता येतच नाहीत म्हणून.

राज्यकर्त्यांच्या स्मरणात हे सारे कसे राहिले हे पाहावयाचे असेल तर एक गंमत सांगतो. मॅझो द ला रोश ह्या कॅनेडियन लेखिकेची 'जालना' नावाची कादंबरी १९२७ साली निघाली आणि तिच्या मागून त्याच घराण्यावर कादंबऱ्यांची मालिकाच झाली. ऑन्टारिओ प्रांतातील एका ऐसपैस घराचे नाव 'जालना'. घराचा मूळ पुरुष आमच्या छावणीतला कप्तान होता आणि त्याची बायको त्याला येथेच भेटली, म्हणून. लाखो लोकांनी हे नाव वाचले. त्यांच्या लेखी जालना म्हणजे तरुणपण, घोडे आणि प्रेम. ह्यात लबाडी नाही. कप्ताना-कप्तानिणीस तसेच आठवले असणार. भय हे असे आहे की ते देणारा विसरतो.

आणि घेणारा? येथपर्यंत वाचून ज्यांना समाधान वाटले असेल त्यांचे समाधान आता थोडे मोडावे लागेल. १९४७ साली इंग्रज गेला, उतरंडीतील वरचे मडके निघाले. निजाम आणि त्याच्या भोवतीचे लोक एकाएकी उघड्यावर पडले, आणि कासीम रझवीच्या रझाकारांनी जे भयंकर प्रकार केले तेही एका भ्यालेल्या अल्पसंख्य सत्तेचेच होते. खेडी जळाली, माणसे मेली, कुटुंबेच्या कुटुंबे सरहद्दीपलीकडे पळाली. मराठवाड्यातील माणसे लढलीही. त्या लढ्याचा अभिमान आम्ही दरसाल १७ सप्टेंबरला बाळगतो आणि तो योग्य आहे. हिंदी सैन्य १३ तारखेस शिरले, १५ तारखेस जालना त्याच्या हाती आले, १७ ला निजाम शरण आला.

त्यानंतरच्या दिवसांविषयी आमच्या घरांत बोलणे होत नाही. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आदींची समिती केंद्र सरकारच्या सांगण्यावरून १८४८ नव्हे, १९४८ च्या अखेरीस संस्थानात फिरली (शंभर वर्षांची चूक लेखणीतून गेली ती तशीच ठेवतो, विषयच तसा आहे). समितीचा अहवाल अनेक दशके प्रसिद्ध झाला नाही. पोलीस कारवाईच्या वेळी व नंतर मारले गेलेल्यांची, मुख्यतः मुसलमानांची, संख्या तिने जपून केलेल्या अंदाजाने सत्तावीस ते चाळीस हजार धरली. सर्वांत अधिक हानी उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड ह्या जिल्ह्यांत झाली. त्याखालोखाल ज्या जिल्ह्यांची नावे तिने घेतली त्यांत औरंगाबाद आहे, आणि जालना तेव्हा औरंगाबादेतच होते. मेलेल्यांत रझाकार किती होते? विणकर, शेतमजूर, शिंपी, त्यांची बायकामुले किती होती?

हे काढले की जे उत्तर मिळते ते मी लहानपणापासून ऐकले आहे : 'तुम्हाला काय ठाऊक, रझाकारीत लोक किती भ्याले होते!' हे खरे आहे. ते भय मी वडिलधाऱ्यांच्या आवाजात ऐकले आहे. शब्द उच्चारताना तो आपोआप खाली येत असे. परंतु उत्तर ओळखीचे वाटत नाही काय? भ्यालो होतो, परिस्थिती भिण्यासारखी होती, म्हणून क्षम्य. हे समितीपुढे उभे राहून अमृतसरच्या जनरलाने म्हटले तेव्हा आम्ही ते मानले नाही.

कोणी म्हणेल की भयापुढे माणसाचा इलाज चालत नाही. ह्या आक्षेपाचे उत्तर त्याच अहवालात आहे. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना हिंदू जमावापासून वाचवले, आणि त्यापायी स्वतःचे प्राणही गमावले, अशी नोंद त्यात आहे. ते इतरांहून कमी भ्याले होते असे मानण्यास आधार नाही. रझाकारीतून तेही गेले होते आणि शिवाय दाराशी आलेल्या जमावाचे भय त्यांना इतरांहून अधिक होते. त्यांच्या मनात भय होते आणि त्यांच्या मागाशेजारी एक मनुष्य बसत असे. त्यांनी त्या दोहोंपैकी दुसऱ्याचे ऐकले. त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

जालन्याच्या जुन्या वस्तीत अजून एखादी गल्ली अशी सापडते की जिच्या एका अंगाला हिंदूंची घरे आहेत आणि दुसऱ्या अंगाला मुसलमानांची. कोणाचा जन्म केव्हाचा, कोणाचे लग्न केव्हा झाले, हे जुन्या माणसांना विचारले म्हणजे सन सांगितला जात नाही. एका अंगाचे लोक म्हणतात, 'रझाकारीच्या आधी दोन वर्षे.' दुसऱ्या अंगाचे म्हणतात, 'पोलीस ॲक्शनच्या नंतरचे.' महिने जवळजवळ तेच. मी दोन्ही ओट्यांवर बसलो आहे, चहा घेतला आहे. एका ओट्यावर दुसऱ्या ओट्याचा शब्द मी कधी काढला नाही.